बा वाचला नाही

आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या गेटवर दोन निळे खांब उभे आहेत आणि त्यांच्या बाजूच्या खोलीत एका खुर्चीवर मी बसतो. खांब वाचतात, मी बघतो. माझी नोकरी एवढीच. राळेगावात कुणी विचारलं काय करतोस, तर मी ‘कंप्युटरवर आहे’ म्हणून मोकळा होतो. कारण खरं सांगायला बसलं की पंधरा मिनिटं जातात, आणि सगळं ऐकून घेऊन समोरचा विचारतो, म्हणजे वॉचमन का?

तर हे खांब. आधी आमच्याकडे तीन वेगवेगळी यंत्रं होती. जुन्या कामगारांकडे जाड पांढरी कार्डं होती, ती एका डब्याला टेकवावी लागत. ऑफिसातल्या लोकांना पातळ कार्डं मिळाली, त्यांचा डबा वेगळा. आणि रुईच्या गाठींवर जे स्टिकर लावतात, तसलेच स्टिकर ठेकेदाराच्या माणसांच्या हेल्मेटवर चिकटवले होते, त्यांच्यासाठी तिसरं यंत्र भिंतीवर टांगलेलं. या डब्याचं कार्ड त्या डब्याला चालायचं नाही. रोज सकाळी गेटवर कोणी ना कोणी चुकीच्या डब्यावर कार्ड घासत उभा असायचा आणि मागची रांग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मालक कंटाळले आणि तिन्ही जातींचं वाचणारं एकच यंत्र घेऊन आले.

बसवायला नागपूरहून इंजिनिअर आला होता. त्यानं मला अर्धा दिवस समजावलं. लहरी तीन पट्ट्यांतल्या असतात म्हणे. खालच्या पट्टीतल्या कार्डाला यंत्राच्या अगदी अंगाशी जावं लागतं, पण त्याला मधे पाणी आलं काय नि घाम आला काय, फरक पडत नाही. मधल्या पट्टीतलं हातभरावरून चालतं. वरच्या पट्टीतलं स्टिकर मात्र गेटच्या पलीकडूनही वाचलं जातं, फक्त त्याला पाणी आणि लोखंड सोसत नाही. मी हे वहीत लिहून घेतलं. मान डोलावली. मग त्यानं विचारलं, समझ गया? मी हो म्हणालो. खरं म्हणजे मला इतकंच कळलं होतं की तीन भाऊ आहेत आणि तिघांचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिल्याच दिवशी यंत्रानं इज्जत काढली. कापसाची बैलगाडी खांबांना घासून आत शिरली, आणि स्क्रीनवर ओळ उमटली: कामगार, अनोळखी, वाचले. मॅनेजर धावत आले. हा कोण ठेकेदाराचा माणूस, नाव नोंदवलं काहून नाही, म्हणून माझ्यावर उखडले. मी बाहेर जाऊन पाहिलं तर आसपास माणूस एकच, गाडीवाला, आणि त्याच्याकडे कार्ड नाही. बऱ्याच वेळानं इंजिनिअरच्या डोक्यात प्रकाश पडला. डाव्या बैलाच्या कानात चिपचा बिल्ला होता आणि तो खालच्या पट्टीतला निघाला. गाडीवाला म्हणाला, नोंदवून घ्या त्याले, तुमच्या लोकाईपेक्षा जास्त काम करते. पुढं आठवडाभर मला सगळे ‘बैल आले का ड्युटीवर’ असं विचारायचे.

स्क्रीनवरचे शब्द मराठीत असावेत असा मालकांचा आग्रह होता. म्हणून कार्ड लागलं की हिरव्या अक्षरांत ‘वाचले’ आणि नाही लागलं की लाल अक्षरांत ‘वाचले नाही’. दोन महिन्यांत हे शब्द सगळ्या जिनिंगच्या तोंडी बसले. गाठ वाचली का, ट्रक वाचला का, तू वाचला का. उशिरा येऊन मुकादमाच्या तावडीतून सुटलेला माणूस खांबातून जाताना हमखास म्हणायचा, वाचलो बाप्पा. सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या शब्दाला दोन तोंडं आहेत हे आम्हाला ठाऊक होतं, पण दुसरं तोंड चावेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

माझा बा त्याच जिनिंगमध्ये प्रेसवर गाठी उचलतो. मी तिथं लागलो त्याच्या कितीतरी आधीपासून. त्यामुळे त्याच्याकडे जुनं जाड कार्डही आहे, आणि पुढे ठेकेदाराकडे गेल्यामुळे हेल्मेटवरचं स्टिकरही आहे. कार्ड सदऱ्याच्या खिशात असतं आणि तो ते कशालाच टेकवत नाही. हेल्मेट घसरतं म्हणून त्यावरून दुपट्टा गच्च बांधतो. मी म्हणालो होतो, बा, स्टिकर झाकलं जातं. त्यावर इंजिनिअरच मला म्हणाला, सुकं कापड आहे, चालेल. चालत होतं. दोन वर्षं बा रोज सकाळी हिरवा व्हायचा आणि संध्याकाळी हिरवा व्हायचा.

आम्ही तांड्यावरची माणसं. आमचे पणजे बैलांवर माल लादून मुलुखभर हिंडायचे, आता आमच्याकडे चार एकर कपाशी आहे आणि आम्ही कुठंच हिंडत नाही. घरात गोर बोली, बाहेर वऱ्हाडी, कागदावर शाळेतली मराठी. आईला आम्ही याडी म्हणतो. याडीला मराठी नीट समजते, बाजारात ती मराठीतच भांडते, पण माझ्याशी ती कधी मराठीत बोलत नाही.

जानेवारीतली गोष्ट. जेवणाची सुट्टी संपून सरकी काढणारे रेचे नुकते सुरू झाले होते. कापसात एखादा खडा असतो, तो रेच्याच्या लोखंडावर आपटतो, ठिणगी उडते. दरवर्षी एखादी ठिणगी उडतेच आणि बादलीभर पाण्यात विझते. त्या दिवशी विझली नाही. कापसाची आग आधी दिसतच नाही. आतल्या आत धुमसते, पांढरा धूर येतो, आणि आपल्याला वाटतं धूळच उडते आहे. भोंगा वाजला तेव्हा मी खरोखर समजलो की पाळी बदलली, आणि घड्याळाकडे पाहून माझा गोंधळ उडाला.

मग माणसं गेटकडे पळत आली. सेफ्टीचे साहेब माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, खुर्ची सोडायची नाही, आत कोण राहिलं ते मला तुझ्याकडून पाहिजे. त्यांचंही बरोबर होतं. यंत्र त्यासाठीच तर घेतलं होतं. कोण बाहेर पडलं, कोण नाही, हे मोजायला दुसरं साधन त्या गर्दीत नव्हतं. मी स्क्रीनकडे डोळे लावून बसलो. एकेक ओळ हिरवी होत होती. रोजंदारीवरच्या रेजा बाया एकमेकींचे हात धरून गेल्या, त्या एकदम हिरव्या झाल्या. ऑफिसातले लोक पळताना कार्ड खिशातच ठेवून गेले, ते थोडे अडखळत हिरवे झाले. प्रेसवरचे हमाल आले. त्यांच्या ओळी हिरव्या झाल्या. एक सोडून.

ती ओळ बाची होती.

नेमका त्याच वेळी फोन वाजला. याडी होती. तांड्यावरून धूर दिसत होता, कुणीतरी जिनिंग पेटली म्हणून सांगितलं होतं. बा कुठं आहे, तिनं आमच्या बोलीत विचारलं. मी सांगतो म्हणालो आणि फोन तसाच कानाला धरून राहिलो, कारण साहेब खिडकीत आले होते आणि मोठ्यानं विचारत होते, किती राहिले. मी त्यांच्याकडे पाहून तितक्याच मोठ्यानं म्हणालो, “सारे वाचले, साहेब. एक माझा बाच वाचला नाही.”

साहेब पळत गेले. मी फोनवर हॅलो म्हणालो. फोन बंद झाला होता. रेंज गेली असेल असं मी समजलो आणि फोन खाली ठेवला.

त्यानंतरचा अर्धा तास मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. मी पान पुन्हा पुन्हा ताजं करत होतो. बटण दाबायचं, स्क्रीन क्षणभर पांढरी व्हायची, आणि ती ओळ लालच्या लाल परत यायची. वाचले नाही म्हणजे काय, हे मला अचानक समजेनासं झालं. बा आत आहे म्हणून वाचला नाही, की बाहेर येऊनही वाचला नाही? यंत्र इतकंच सांगतं की मी वाचलं नाही. माणूस कुठं आहे ते त्याला ठाऊक नसतं. दोन वर्षं मी त्या खुर्चीत बसून होतो आणि ही साधी गोष्ट कधी माझ्या डोक्यात आली नव्हती.

मी नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. त्यानं शांतपणे विचारलं, मधे कुठं पाणी किंवा लोखंड आहे का? मी खिडकीतून पाहिलं. टँकरचं पाणी गेटपर्यंत वाहत आलं होतं. पत्रे, ट्रॉल्या, भिजलेली माणसं. डोळ्यांसमोर पाण्याशिवाय आणि लोखंडाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, मग काही सांगता येत नाही. मला त्याचा इतका राग आला की मी फोन न बोलताच ठेवला. खरं तर त्याच्यावर रागवण्यासारखं तो काहीच बोलला नव्हता.

एक रेजा बाई खिडकीशी आली. प्रेसच्या बाजूला रुई झाडते ती, वयानं याडीएवढी. ती म्हणाली, “तुया बा बाहेरच्या टाकीमांगं बसेल हाय. तंबाखू मळून राह्यला.”

मी गेलो. बा खरंच पाण्याच्या टाकीमागं सावलीत उकिडवा बसला होता. आग लागली तेव्हा त्यानं आणि आणखी दोघांनी पोती भिजवून गंजीवर टाकली होती, आणि धूर वाढल्यावर एक ओलं पोतं डोक्यावर घेऊन तो सगळ्यांबरोबरच गेटमधून बाहेर आला होता. माझ्या खिडकीसमोरून. पोतं, त्याखाली निथळणारा दुपट्टा, त्याखाली हेल्मेट, आणि त्यावर ते स्टिकर. वहीत लिहून घेतलं होतं मी, पाणी सोसत नाही म्हणून. खिशातल्या जाड कार्डाला पाण्याचं काही नव्हतं, पण ते खांबाला टेकवायला हवं होतं, आणि आगीतून पळताना कोण कार्ड टेकवतो? मला रडू आलं आणि त्याच तोंडानं मी त्याला शिव्या घातल्या. बा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा काय गुन्हा झाला हे त्याला समजेना.

साहेबांनी बाला गेटवर नेऊन कार्ड खांबाला टेकवायला लावलं. ओळ हिरवी झाली. नोंद पूर्ण झाली, सगळे सुटकेचा निःश्वास सोडून आगीकडे वळले. तेव्हा मला याडीची आठवण झाली.

तिनं फोन उचलला नाही. शेजारच्या काकीला लावला. फोन उचलला गेला आणि आतून रडणं ऐकू आलं, एका बाईचं नव्हे, पुष्कळ बायांचं. आमच्याकडे माणूस गेल्यावर गळ्यात गळा घालून सूर धरून रडतात, ते रडणं. मला वाटलं तांड्यात कुणीतरी गेलं. कोण गेलं, मी विचारलं. काकी हुंदके देत मलाच समजावू लागली, की धीर धर, तू एकटाच आहेस, आता याडीला तुलाच सांभाळायचं आहे. मी म्हणालो, बा माझ्याशेजारी उभा आहे. तिनं फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगितलं की पोराच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मी बाच्या हातात फोन दिला. बा ‘बोल’ म्हणाला. पलीकडून किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

मोटारसायकलवर बाला मागं बसवून मी निघालो. सात-आठ किलोमीटरचा रस्ता. वाटेत मला हळूहळू उलगडत गेलं, मी साहेबांना काय म्हणालो होतो आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये ते कसं गेलं असेल. गोर बोलीत जीव ‘बचतो’, ‘वाचत’ नाही. तिच्याशी आमच्या बोलीत बोललो असतो तर हा घोटाळा व्हायचं कारणच नव्हतं. पण यंत्राच्या गोष्टी माझ्या तोंडात मराठीतच येतात, आणि मी तर तिच्याशी बोलतही नव्हतो. मागून बा विचारत होता, काहून इतकी घाई. मी सांगितलं नाही. जिवंत माणसाला कसं सांगायचं ते सुचलं नाही.

घरासमोर सारा तांडा जमला होता. नायक खाटेवर बसले होते, तांड्याचे कारभारी म्हणून असल्या वेळी पहिला मान त्यांचा. बाला उतरताना पाहून दोन बाया मागं सरकल्या आणि एका म्हाताऱ्यानं डोळे चोळले. मग एकदम कालवा झाला. कुणी हसलं, कुणी मला विचारलं, कुणी बाच्या दंडाला हात लावून पाहिला. मी ओरडून ओरडून सांगत होतो की मशीननं वाचलं नाही, म्हणजे कार्ड वाचलं नाही, बा वाचला. जितकं समजावलं तितका गुंता वाढला. एक काका म्हणाले, मशीन काय पोथी वाचते का?

याडी दारात बसली होती. तिचे हात उघडे होते.

आमच्या जुन्या बाया कोपराच्या वर खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांचा चुडो घालतात. पूर्वी हस्तिदंती असायचा, आता प्लॅस्टिकचा. लग्नात चढतो आणि नवरा गेल्यावरच उतरतो. आमच्या तांड्यात तो घालणाऱ्या आता तीनच बाया उरल्या आहेत, त्यांतली याडी एक. मी जन्मल्यापासून तिचे दंड पाहिले नव्हते. ते गोरे होते, अंगाच्या रंगाहून कितीतरी उजळ, आणि बारीक. खाली तुकडे पडले होते आणि शेजारी घरातली पक्कड होती. म्हाताऱ्या बाया तिला थांब म्हणाल्या होत्या, माती तर घरी येऊ दे. तिनं ऐकलं नव्हतं. पोरगं खोटं सांगणार नाही, असं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं एकेक बांगडी तोडली होती.

बानं तिच्या हातांकडे पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा कळलं की इथं कोण मेलं होतं. त्यानं पाणी मागितलं. तिनं उठून तांब्या आणून दिला आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिली.

पुढचा तासभर या गोष्टीचं काय करायचं यावर खल चालला. नवरा जिवंत असताना उतरलेला चुडो परत कसा चढवायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका म्हातारीचं म्हणणं पडलं की पुन्हा लग्नच लावावं लागेल. दुसरी म्हणाली, नुसता गूळ वाटा आणि घाला. नायकांना विचारलं तर ते बराच वेळ दाढी खाजवत बसले आणि म्हणाले की असं आमच्या बापजन्मात झालेलं नाही, जे बाईला पटेल ते करा. बाईला कुणी विचारलं नाही. ती सगळ्यांसाठी चहा ठेवत होती.

दिवेलागणीला माणसं पांगली. बा थकून खाटेवर आडवा झाला होता. मी ओट्यावर बसून तुकडे गोळा करत होतो, ते टाकायचे की ठेवायचे हे न समजून. याडी माझ्याजवळ येऊन बसली. तिला राग आला असेल तर तो दिसत नव्हता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं. आणि मग ती माझ्याशी मराठीत बोलली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आता मधे कसलाही घोटाळा नको म्हणून.

“मशीनीचं समजलं मले. तुले वाटलं का तुया बा आतमंदी हाय. मंग तू पाहाले काहून नाही गेला?”

मी म्हणालो, साहेबांनी खुर्ची सोडू नको म्हणून सांगितलं होतं. ते खरंही आहे. याडीनं मान हलवली, माझ्या हातातले तुकडे घेतले आणि आत गेली. पुढच्या आठवड्यात तिनं नवा चुडो आणवला आणि बाच्या हातानं चढवून घेतला, गूळ वाटला, लोक हसले. तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही.

मी मात्र तिला एक सांगितलेलं नाही. त्या अर्ध्या तासात मी खुर्चीतून एकदा उठलो होतो. दारापर्यंत गेलो, रेच्यांच्या शेडवरचा धूर पाहिला, आणि परत येऊन बसलो. साहेब काय म्हणाले होते, ते मला बसल्यावर आठवलं.